पातळ ताटाचं डावं-उजवं

दवाखान्यातून घरी सोडताना हातात दिलेल्या कागदावर औषधांची नावं होती, गुळण्या कधी करायच्या ते होतं, पुन्हा दाखवायला कधी यायचं तेही होतं. जेवणाच्या रकान्यात दोनच शब्द होते : लिक्विड डाएट. माणूस दिवसभरात काय काय खातो, कुणाबरोबर बसून खातो, कशाच्या वासानं त्याला भूक लागते, यातलं काहीच त्या दोन शब्दांवरून कळत नव्हतं. पुढचे कित्येक आठवडे मला मात्र त्यांच्यावरच काढायचे होते.

पावसाळ्यातला निसरडा रस्ता, स्कूटर घसरली आणि मी थेट हनुवटीवर पडले. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. पण अर्ध्या हेल्मेटमध्ये हनुवटी उघडीच राहते. हनुवटी आपटली की तो दणका जबड्याच्या कमानीतून वर चढतो आणि कानापुढच्या सांध्यापाशी हाड मोडू शकतं. म्हणून असं पडलेल्यांचा जबडा पुष्कळदा पुढे एका जागी आणि मागे एका किंवा दोन्ही बाजूंना तुटलेला सापडतो. माझ्या हनुवटीपाशी टायटॅनियमची बारीक पट्टी बसवली. कानाजवळचं हाड न उघडता, दात बांधून जुळू द्यायचं ठरलं. वरच्या आणि खालच्या दातांना बाहेरून एकेक धातूची पट्टी तारेनं बांधतात, तिला बारीक आकडे असतात, आणि त्या आकड्यांत तारा किंवा रबरं अडकवून तोंड मिटवून टाकतात. दात पूर्वी जसे एकमेकांवर बसत होते तसे बसले, की हाडालाही आपली जागा सापडते.

ही विद्या जुनी आहे. तुटलेल्या जबड्याचे दात सोन्याच्या तारेनं किंवा दोऱ्यानं एकमेकांना बांधावेत, असं हिपोक्रॅटिसच्या नावावरच्या ग्रंथांत सांगितलं आहे. सुश्रुतसंहितेत निखळलेला जबडा शेक देऊन जागी बसवावा आणि वर पंचांगी बंध बांधावा, असं आहे. १९७०च्या दशकात स्ट्रासबर्गच्या मॅक्सिम शाँपी यांनी छोट्या पट्ट्या आणि स्क्रूंचं तंत्र रूढ केलं आणि तेव्हापासून पुष्कळांची तोंडं बांधून ठेवायची गरज उरली नाही. तरी ज्यांचं हाड सांध्यापाशी मोडतं त्यांच्यापैकी अनेकांना आजही काही काळ तारा किंवा रबरं चुकत नाहीत. आणि तोंड बांधलेलं असो वा मोकळं, हाड धरायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर चावणं बंद.

दात मिटलेले असताना अन्न आत जातं तरी कसं, हा प्रश्न भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा. दातांच्या फटींतून थोडं झिरपतं. शेवटच्या दाढेच्या मागे गालाच्या आत एक छोटी वाट असते, तिथून बाकीचं जातं. मोठ्या सिरिंजला मऊ रबरी नळी लावायची, ती गालाच्या आतून मागे सरकवायची आणि दट्ट्या हळूहळू दाबायचा. घाई केली की ठसका लागतो. हनुवटीजवळची नस दुखावल्यामुळे माझा खालचा ओठ बधिर होता. थेंब ओघळून गळ्यापर्यंत आला तरी कळायचं नाही, आणि गरम किती हेही ओठाला समजायचं नाही. म्हणून प्रत्येक वाटी आधी मनगटाच्या आतल्या बाजूवर तपासायची. उशाशी तार कापायची एक पक्कड टांगलेली असायची. उलटी झाली तर पुढे वाकायचं आणि घरच्यांनी कुठल्या तारा कापायच्या, हे दवाखान्यातल्या सिस्टरनी आम्हाला नीट समजावून दिलं होतं. त्या पक्कडीकडे बघतच मी रात्री डोळे मिटायची.

पहिल्या दिवसांत जेवण म्हणजे घरात जे काही शिजलं असेल ते. पोळी, वरण, भात, भाजी एकत्र मिक्सरमध्ये फिरवायचं, पाणी घालायचं, गाळायचं आणि ग्लासात ओतायचं. नवरा हे सगळं फार मायेनं करायचा. सकाळी, दुपारी, रात्री रंग तोच, मातकट. भेंडी असो की फ्लॉवर, चव एकच. पोटात जायला हवं ते सगळं त्यात होतं. पोट भरायचं आणि तरीही जेवल्यासारखं वाटायचं नाही. पाच मिनिटांत ग्लास रिकामा व्हायचा, घरचे अजून पहिल्या पोळीवर असायचे, आणि मी तिथे बसून काय करायचं हे मला समजायचं नाही. मी उठून आत जाऊन पडायची.

त्या पडून राहण्याच्या काळात माझ्या लक्षात आलं की मला खरी आठवण पदार्थांची येत नव्हती. चावण्याची येत होती. भाकरीचा पापुद्रा तुटतानाची, काकडी फुटतानाची, शेंगदाणा दाढेखाली येतानाची. दातांनाही त्यांची अशी एक भूक असते. चावण्यामुळे जेवणाला लांबी येते, तोंडाला पाणी सुटतं, दोन घासांमध्ये बोलायला जागा मिळते, आणि पोटाला आपण जेवतो आहोत याची वर्दी जाते. प्यायलेल्या जेवणाला यातलं काहीच नसतं, त्यामुळे ते तितकं टिकतही नाही. तासाभरात पुन्हा पोकळ वाटतं. आहारतज्ज्ञ बाईंनी म्हणूनच दिवसातून सात-आठ वेळा थोडं थोडं घ्या, असं सांगितलं होतं. पातळ करायला घातलेलं पाणी पोटात जागा अडवतं आणि अंगाला काही देत नाही. वजन उतरतं ते यामुळेच.

अशात राजापूरकडून आत्या आली. माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिच्या तोंडात आता स्वतःचा एकही दात नाही, आणि कवळी ती लग्नकार्यापुरतीच घालते. एरवी ती डबीत असते. तिनं माझ्या हातातला ग्लास पाहिला.

"हे काय गो?"

मी पाटीवर लिहिलं : जेवण.

"कशाचं?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं आठवून आठवून सांगायला सुरुवात केली, पण त्या ग्लासाला नाव असं काही नव्हतं. आत्यानं तो माझ्या हातातून काढून घेतला नाही. "हा संपव," म्हणाली, "अन्न आहे. पण उद्यापासून ज्याचं नाव सांगता येत नाही ते हिला द्यायचं नाही. चावता येत नाही म्हणून चव कळत नाही, असं कोणी सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं माझ्यापुढे ताट ठेवलं. खरंखुरं, सणावारी काढतो ते स्टीलचं मोठं ताट, आणि त्यात लहान लहान वाट्या. मध्ये उकड्या तांदळाच्या पेजेची निवळ, वर चमचाभर तूप. उजवीकडे मुगाचं कढण आणि दुधीचं गाळलेलं सार. डावीकडे काकडी किसून पिळून तिच्या पाण्यात केलेलं पुदिन्याचं ताक, आणि एका चिमुकल्या वाटीत कोकमाचं आगळ, मीठ घालून. आपल्याकडे ताट वाढताना लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी, आमटी उजवीकडे असते, मध्ये भात. आत्यानं ती सगळी रीत पातळ अन्नात जशीच्या तशी पाळली होती. मी एका वाटीतून थोडं घ्यायची, मग दुसरीतून, मग पुन्हा पेज. कढणानंतर आगळाचा थेंब जिभेवर आला की पुढची पेज गोड लागायची. कित्येक दिवसांनी त्या दिवशी मी घरच्यांबरोबर जेवायला बसले आणि त्यांच्याबरोबरच उठले.

कढण तिनं माझ्यासमोर केलं. मूग कोरडेच खमंग वास सुटेपर्यंत भाजले, शिजवले, रवीनं घोटले आणि कढत पाणी घालून सारखे केले. मग लोखंडी पळीत तूप, जिरं, ठेचलेला हिंगाचा खडा, किसलेलं आलं, कढीपत्त्याची पानं. मोहरी नाही; तिचं सालपट तारेत अडकलं तर रात्रभर जीभ तिथेच जात राहते, हे मी तिला लिहून दाखवलं होतं. फोडणी कढणात ओतली आणि वर लगेच झाकण ठेवलं. नवरा गाळणी घेऊन पुढे आला तर म्हणाली, "आत्ताच नको. वास आत उतरू दे." थोड्या वेळानं मलमलचं फडकं पाण्यात भिजवून, घट्ट पिळून पातेल्यावर पसरलं. कोरडं फडकं सगळं तूप स्वतःच पिऊन टाकतं, म्हणून ओलं. कढण हळूहळू खाली उतरलं. फडक्यात उरली पानं, जिरं, आल्याचे धागे. त्यांचा सगळा गुण वाटीत आलेला होता. कढण सिरिंजमध्ये भरायच्या आधी आत्यानं पळीनं धार सोडून पाहिली. धार तुटत नाही इतकं पातळ, आणि पाणी वाटणार नाही इतकं दाट.

या फोडणीनं काय केलं ते मला नंतर समजलं. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग वास असतो. अन्न गिळल्यावर श्वास बाहेर पडताना तो वास घशाच्या मागच्या वाटेनं नाकात चढतो. त्यासाठी दात उघडावे लागत नाहीत. मिटलेल्या तोंडाला हिंग-जिऱ्याची, तुपाची, पुदिन्याची ओळख पटते ती याच वाटेनं. म्हणजे माझ्यापासून खरोखर हिरावलं गेलं होतं ते चावणं. चव माझ्याजवळ होतीच. ती कुणीतरी वाटीत घालायला हवी होती.

आत्या राहिली तेवढे दिवस आमच्या घरात पातळ पदार्थांची एक मोठी दुनिया उघडली. ती माझ्यासाठी शोधलेली नव्हती, आधीपासूनच होती. गोव्यात आणि सिंधुदुर्गात मधल्या वेळेला पेज पिणारी घरं अजून आहेत. देशावर हुलग्याचं माडगं थंडीपावसात आणि आजारपणात करतात. कोल्हापूरकडच्या शेजारणीनं मटणाची अळणी गाळून आणली. तिच्यात मिरचीचा थेंब नव्हता, आणि तिची चव अजून माझ्या जिभेवर आहे. पुरणाच्या डाळीतून काढलेला कट, आमसुलाचं सार, सोलकढी, आंबील, ताकाची कढी, बाळासाठी केलेलं तांदूळ-मुगाचं खिमट. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या दुसऱ्याच अध्यायात निरनिराळ्या दुखण्यांसाठी २८ यवागू, म्हणजे पेजेचे प्रकार सांगितले आहेत. पंचकर्मानंतर माणसाला जेवणावर परत आणायचा जो क्रम आयुर्वेदात आहे, त्यात आधी पेया म्हणजे पातळ पेज, मग विलेपी म्हणजे घट्ट पेज, मग यूष म्हणजे कढण. आणि यूषही आधी अकृत, म्हणजे मीठ-तूप-मसाला न घातलेला, त्यानंतर कृत, संस्कार केलेला. दुबळ्या माणसाला जेवणावर आणताना चवीसाठीही त्या क्रमात एक पायरी राखून ठेवलेली आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि यात निव्वळ चवीचा विचार नाही, ताकदीचाही आहे. नाचणीची पेज साध्या पिठाची केली तर थोड्याच पिठात ती घट्ट होते. पातळ करायला पाणी वाढवावं लागतं आणि वाटीत नाचणी कमी उरते. आत्यानं नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले, सावलीत वाळवली, मंद भाजली आणि दळली. मोड येताना धान्यात पिष्ट फोडणारं विकर तयार होतं. त्यामुळे त्या पिठाची पेज तेवढ्याच पिठात कितीतरी पातळ राहते. म्हणजे नळीतून जाईल अशा एका वाटीत जास्त धान्य मावतं. आजारी माणसाच्या आणि लहान बाळांच्या आहारावर काम करणारे लोक याच गुणासाठी मोड आणलेल्या धान्याची शिफारस करतात. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतं. १०० ग्रॅम मुगात सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं असतात. चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम तुपातून साधारण ४५ कॅलरी मिळतात, आणि ते वाटीत फारशी जागा अडवत नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलेली दुधाची पावडर आणि आत्याचं नाचणीचं पीठ ही दोन्ही आमच्या ओट्यावर शेजारी शेजारी उभी होती, आणि दोघांचंही बरोबर होतं.

गणपती आले तेव्हा तारांच्या जागी लावलेली माझी रबरं अजून होती. उकडीच्या मोदकांचा वास घरभर पसरला. आत्यानं नारळ खवून त्याचं जाड दूध काढलं, त्यात गूळ विरघळवला, वेलची आणि जायफळ लावून वस्त्रगाळ केलं. कोकणात शिरवाळ्यांबरोबर, म्हणजे तांदळाच्या शेवयांबरोबर, हाच रस करतात. मोदकांशेजारी ती वाटीही नैवेद्यात ठेवली. आरतीनंतर सगळ्यांच्या हातावर मोदक आले आणि माझ्यापुढे ती वाटी आली. तोच नारळ, तोच गूळ, तेच जायफळ. मला वगळून कुणी प्रसाद खात होतं असं त्या दिवशी झालं नाही.

रबरं बदलायला मी दर आठवड्याला ओपीडीत जायची. तिथल्या बाकांवर नुसते अपघातवाले नव्हते. बरेच जण गुटखा-सुपारीवाले होते. सुपारीमुळे गालांच्या आतली मऊ त्वचा हळूहळू कडक होत जाते, दोरीसारखे पट्टे येतात आणि तोंड उघडेनासं होतं. निरोगी माणसाची तीन बोटं उभी तोंडात जातात. डॉक्टर त्याच मापानं बघतात. माझ्या शेजारी बसलेल्या, विशीतल्या एका मुलाचं एकच बोट जात होतं. त्याला फोडणीचं वरणही झोंबायचं. "ताई, तुमचं सुटेल," तो म्हणाला. "मला तिखटाचा थेंब चालत नाही, आणि घास मोठा जात नाही. घरी सगळे माझं जेवण वेगळं काढतात. डाळभात कुस्करून, बिनमिठासारखं." महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. तो मुलगा तेव्हा शाळेत असणार. तरी पुडी त्याच्यापर्यंत पोचली होती.

त्याच्या बोलण्यातला "वेगळं काढतात" हा शब्द मला लागला. माझ्या बंदीला मुदत होती. त्याच्या तोंडाला तशी मुदत कुणी देऊ शकत नव्हतं. औषधं, व्यायाम, प्रसंगी शस्त्रक्रिया, आणि सुपारी कायमची सोडणं, एवढंच हातात. मी पाटीवर त्याला नारळाच्या दुधातलं वरण, दह्यातली गाळलेली काकडी, तूप-जिऱ्याची फोडणी लिहून दिली. मिरचीशिवाय चव आणायचे जेवढे मार्ग मला आत्याकडून कळले होते तेवढे सगळे. झोंबतं ते तिखट आणि मसाला. मीठ, तूप, जिरं, खोबरं, किंचित गूळ त्याला चालण्यासारखं होतं. त्यानं त्या पाटीचा मोबाइलवर फोटो काढला आणि आईला पाठवला.

तेव्हापासून मी हे मनापासून मानते : ज्याला चावता येत नाही त्याचा चवीवरचा हक्क जात नाही. आपल्या अवतीभवती अशी माणसं खूप आहेत. दात गेलेले म्हातारे आहेत, तोंडाच्या कॅन्सरवर उपचार चाललेले आहेत, पक्षाघातानंतर गिळायला त्रास होणारे आहेत. त्यांना आपण जगवतो. तांदूळ-डाळ-भाजी एकत्र फिरवून, ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या मापानं देतो. करणारी माणसं दमलेली असतात, त्यांच्या कष्टाला मी कमी लेखत नाही. एका आजाऱ्यासाठी चार वाट्या वेगळ्या करणं म्हणजे दिवसाचा मोठा तुकडा. पण रोज चार नकोत, दोन करा. एक आंबट, एक खारट. त्यांची सरमिसळ करू नका. वाटी पुढे ठेवताना तिचं नाव सांगा. आणि ती सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्या वेळेला ठेवा.

माझी रबरं निघाली, मग आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून तोंड उघडण्याचा व्यायाम सुरू झाला, रोज एखादी काडी जास्त. मग मऊ भात, मग दुधात कुस्करलेली पोळी, आणि हळूहळू सगळं. आत्या गावी परत गेली. आता माझ्या घरी कुणी विचारायला आलं, की अमक्याच्या जबड्याचं ऑपरेशन झालंय, तमक्याला चावता येत नाही, काय देऊ, तर मी आधी एकच सांगते. पातळ किती आणि घट्ट किती हे डॉक्टरांना विचारा, कारण पक्षाघाताच्या रुग्णाच्या श्वासनलिकेत पाण्यासारखं पातळ अन्न जाऊ शकतं आणि जबडा बांधलेल्याला दाट अन्न आत जातच नाही. तिथे आपला अंदाज चालत नाही. एवढं विचारून झालं, की त्या माणसाजवळ बसा आणि आज काय खावंसं वाटतंय ते त्याला विचारा. बोलता येत नसेल तर पाटी द्या. तो जे लिहील त्याची वाटी करणं जवळजवळ नेहमी शक्य असतं.